खाडा, विसावा आणि कल्याण : मुंबई–वसई पट्ट्यातील कामगाराच्या मनःस्वास्थ्याचा विचार

१

गिरणी सुटली, कचेरी सुटली, शाळा सुटली, असे मराठी माणूस म्हणतो. वस्तुतः सुटतो तो माणूस. गिरणी जागच्या जागीच असते. परंतु भाषेने सुटण्याचे कर्तृत्व कामाच्या जागेकडे दिले आहे, आणि 'सुट्टी' हा नित्य वापरातील शब्दही त्याच क्रियापदाशी निगडित आहे. काम करणारा मनुष्य कामाच्या वेळात कोणत्या तरी बंधनात असतो व काम संपताच त्यातून मोकळा होतो, ही जाणीव या शब्दप्रयोगांच्या मुळाशी आहे. 'कर्मचाऱ्यांचे मानसिक आरोग्य' ही संज्ञा मराठीत अलीकडची होय. तिने दर्शविलेला विषय मात्र अलीकडचा नव्हे. निरनिराळ्या काळी निरनिराळ्या शब्दांच्या आड तो वावरत आला आहे. विसावा, खाडा, ताण आणि कल्याण या चार शब्दांचा मागोवा घेऊन कामगाराच्या मनाची काळजी कोणी, कोठे व कोणत्या नावाने वाहिली, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या शोधासाठी मुंबईपासून वसई-विरारपर्यंतचा पट्टा निवडण्यास कारण आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत गाडी सुरू झाली, आणि वसईच्या बागायतदाराचा माल व माणूस हे दोन्ही मुंबईशी जोडले गेले. १९३६ मध्ये विजेच्या गाड्या विरारपर्यंत धावू लागल्या. तरीही पुढे कित्येक वर्षे वसई ही केळी, पानवेल, फुले, भाजीपाला आणि मासळी यांचीच भूमी होती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि गिरणगावातील अनेक कुटुंबे स्वस्त घराच्या शोधात वसई, नालासोपारा व विरार येथे गेली. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या १२,२२,३९० भरली. ही महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी हा भाग ठाणे जिल्ह्यातून निघून नव्या पालघर जिल्ह्यात आला. म्हणजे मुंबईच्या कामगारजीवनाचा एक उत्तरार्ध या भूमीवर घडला आहे. पूर्वार्ध ध्यानात घेतल्यावाचून तो कळावयाचा नाही.

२

कामगाराच्या मनाचा विचार प्रथम कायद्याने केला नाही, वैद्यकानेही केला नाही. तो कामगाराने स्वतःच केला. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने मुलांच्या कामाचे तास मर्यादित केले. प्रौढ पुरुषाला त्यात काहीच नव्हते. तो कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या व शंभर किंवा अधिक माणसे कामाला असणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. या शंभराच्या आकड्याकडे पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यास झाला. रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केल्यानंतर ते मुंबईत मांडवीच्या एका कापडगिरणीत कोठारप्रमुख होते. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते, आणि १८८० पासून 'दीनबंधु' पत्राची धुरा त्यांच्याकडे होती. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांच्या सभा भरल्या व सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात पाच मागण्या होत्या : दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जायबंदी झालेल्यास बरे होईपर्यंत वेतन व कायमचा अधू झाल्यास निर्वाहाची सोय.

या यादीविषयी एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. या पाचांत वेतनवाढीची मागणी एकही नाही. पहिल्या तीन मागण्या काळाविषयी आहेत. चौथी व पाचवी अनिश्चिततेविषयी आहेत. दिवस केव्हा संपेल, पगार केव्हा हाती पडेल आणि हात तुटला तर घर कसे चालेल, या तीन प्रश्नांनी ज्याचे मन ग्रासले आहे अशा माणसाची ही यादी होय. आजच्या परिभाषेत ज्यांना कामाच्या ठिकाणचे मानसिक धोके म्हणतात, त्यांतील अतिदीर्घ कामाचे तास व उत्पन्नाची अशाश्वती ही दोन कारणे येथे स्पष्ट शब्दांत नोंदलेली आहेत. फक्त 'मन' हा शब्द तेथे नाही.

२४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली व तीत दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीस वैधानिक आधार मिळाला. देशावरील व कोकणातील कामगाराला रविवार हा खंडोबाचा वार, तर वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्याला तो उपासनेचा व कामबंदीचा दिवस. ज्या विसाव्याला गावात धर्माचा व रूढीचा आधार होता, त्याला शहरात सह्यांचे निवेदन करावे लागले, हा बदल लक्षणीय आहे. 'विसावा' हा शब्द संस्कृत 'विश्राम' शब्दाचा तद्भव होय. ओझे वाहणारा वाटेत टेकतो तो विसावा. त्यात पुढे चालावयाचे आहे हे गृहीत असते. म्हणून विसावा ही कामाची उणीव नसून कामाचाच एक भाग ठरतो.

१९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले व सूर्यास्ताची मर्यादा नाहीशी झाली. त्यानंतर १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला. १९२२ मध्ये तो अकरा, १९३४ मध्ये दहा आणि १९४६ मध्ये नऊ तासांवर आला. एक एक तास कमी होण्यास सरासरी दहा-बारा वर्षे लागली.

३

कामाचे तास मोजता येतात, म्हणून त्यांच्यावर कायदा करता आला. जे मोजता येत नव्हते त्याची नोंद गिरणीच्या हजेरीपटावर एकाच शब्दाने होत असे, तो शब्द म्हणजे 'खाडा'. कामगार आला नाही की खाडा पडला. तो ताप आल्यामुळे पडला, गावी पीक काढावयाचे होते म्हणून पडला, की पहाटेचा भोंगा ऐकूनही उठण्याचे त्राण मनात उरले नाही म्हणून पडला, हे पटावरून कळत नाही. गैरहजेरी मोजणारा शब्द भाषेत होता. गैरहजेरीचे कारण विचारणारा शब्द नव्हता. खाडे करणाऱ्याच्या जागी 'बदली' कामगार उभाच असे, त्यामुळे कारण विचारण्याची गरजही मुकादमाला भासत नसे. कामावर घेणे व काढणे बव्हंशी मुकादमाच्या हाती असल्याने त्याची मर्जी हीच नोकरीची शाश्वती होती.

१९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात दोन गोष्टी उघड झाल्या. दोन मागांऐवजी तीन माग एका विणकराने सांभाळावेत ही मालकांची योजना संपाच्या प्रमुख कारणांपैकी एक होती. 'ताण' हा शब्द मूळचा ओढून धरलेल्या धाग्याचा वा दोरीचा. साळखात्यातील कामगाराला तो नित्याचा. धाग्यावर ताण अधिक झाला की धागा तुटतो आणि तो सांधावा लागतो, हे त्याला कोणी शिकवावयास नको होते. मनाच्या स्थितीला 'ताण' म्हणणे पुढे रूढ झाले ते बहुतांशी इंग्रजीच्या सान्निध्याने. परंतु गिरणगावात या रूपकाचा मूळ अर्थ डोळ्यांपुढे प्रत्यक्ष चालू होता. दुसरी गोष्ट अपमानाची. धोट्यातील कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, हे कारण पुढे करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना अधिक वेतनाच्या साळखात्यात प्रवेश नाकारला जात असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा अन्याय दूर करण्याची मागणी लावून धरली. मनःस्वास्थ्य केवळ श्रमाने बिघडत नाही, सन्मान हिरावल्यानेही बिघडते, हे यातून दिसते.

या काळात कामगाराच्या मनाला आधार मिळाला तो कारखान्यात नव्हे, वस्तीत. कोकणातून वा घाटावरून आलेले एकाच गावचे पुरुष चाळीतील एका गाळ्यात पाळीपाळीने झोपत. गाववाल्या बाईची खाणावळ, भजनी मंडळ, आखाडा, गणपती यांनी त्यांचा उरलेला वेळ व्यापलेला असे. १९११ मध्ये नारायण मल्हार जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. तिने रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने अशी कामे कामगारवस्तीतच नेली. १९२९ ते १९३१ या काळात काम करणाऱ्या व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाचे जोशी हे सदस्य होते. कारखान्यांत कामगार-अधिकारी नेमावेत ही या आयोगाची एक प्रमुख शिफारस होती. मुकादमाखेरीज दुसऱ्या कोणाकडे कामगाराने गाऱ्हाणे न्यावे, ही कल्पना येथे शासकीय कागदावर आली. १९३६ मध्ये मुंबईत नागपाड्यास समाजकार्याचे शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा यांच्या नावाची संस्था सुरू झाली. पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ती ओळखली जाऊ लागली, आणि अशा अधिकाऱ्यांचे शिक्षण हे तिचे एक महत्त्वाचे कार्य ठरले.

४

स्वातंत्र्यानंतर 'कल्याण' हा शब्द कायद्यात दृढ झाला. १९४८ च्या कारखाना कायद्यात आरोग्य, सुरक्षितता व कल्याण अशी तीन स्वतंत्र प्रकरणे होती. कल्याणाच्या प्रकरणात हातपाय धुण्याची सोय, कपडे ठेवण्याची जागा, बसण्याची व्यवस्था, प्रथमोपचार, उपाहारगृह, विश्रांतिगृह, पाळणाघर आणि शेवटी कल्याण-अधिकारी यांचा समावेश होता. उपाहारगृहासाठी २५० हून अधिक, विश्रांतिगृहासाठी १५० हून अधिक व कल्याण-अधिकाऱ्यासाठी ५०० किंवा अधिक कामगार असणे आवश्यक होते. म्हणजे हात धुण्याची सोय सर्वांना, बसून जेवण्याची जागा मध्यम कारखान्याला, आणि ज्याच्याशी मन मोकळे करावे असा माणूस केवळ मोठ्या कारखान्याला, अशी ही उतरंड होती. आधार जसजसा शरीराकडून मनाकडे जाई, तसतशी संख्येची अट वाढत जाई.

'कल्याण' या शब्दाचा मराठीतील स्वभावही येथे ध्यानात घेतला पाहिजे. 'कल्याण असो' असा आशीर्वाद वडीलधारा धाकट्याला देतो. धाकटा वडीलधाऱ्याकडे कल्याण मागत नाही, त्याला ते लाभते. लोखंडे यांच्या निवेदनातील रविवार हा मागून घेतलेला होता. कल्याण हे दिलेले असते. कल्याण-अधिकाऱ्याचा पगार मालक देई व गाऱ्हाणे कामगार सांगे, या अवघड जागेचे प्रतिबिंब त्या पदनामातच पडले आहे.

याच काळात मुंबई राज्याने एक वेगळी वाट चोखाळली. १९५३ चा मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियम संमत झाला व १ जुलै १९५३ रोजी कल्याण मंडळ अस्तित्वात आले. हेच पुढचे महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ होय. प्रारंभी निधीत कामगारांकडून वसूल झालेले दंड आणि त्यांनी न उचललेले वेतन जमा करावे असे ठरले होते. त्यांपैकी न उचललेल्या वेतनाची तरतूद १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुढे कामगार, मालक व शासन या तिघांच्या वर्गणीवर निधी उभा राहिला. या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की केंद्रे कारखान्याच्या आवारात नव्हे तर कामगारांच्या वस्तीत उघडली गेली. वाचनालय, शिवणवर्ग, बालवर्ग, व्यायामशाळा आणि विशेषतः नाट्यस्पर्धा यांमुळे कामगार कल्याण केंद्र व ललित कला भवन ही नावे घरोघरी परिचित झाली. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री तालमीला उभा राहतो, तेव्हा त्याला दुसऱ्या एका क्षेत्रात कर्तेपणा लाभतो. तालमी, प्रयोग वा लग्नकार्य पार पडल्यावरच्या भोजनाला मराठीत 'श्रमपरिहार' म्हणतात. श्रमांचा परिहार केवळ झोपेने होत नाही, चारचौघांत बसून होतो, हे या शब्दाला ठाऊक आहे.

तथापि करमणुकीने कामाचा दोष झाकला जाऊ नये, हेही तितकेच खरे. त्याच १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. स्वयंचलित मागांच्या विभागात प्रत्येक कामगाराकडे एकच तुटक काम होते व कोणीच संपूर्ण मागाला जबाबदार नव्हता. राइस यांच्या सूचनेवरून कामगारांचे लहान गट झाले व प्रत्येक गटाकडे ठरावीक मागांची संपूर्ण जबाबदारी आली. परिणामी उत्पादन वाढले व खराब कापडाचे प्रमाण घटले. येथे कामगारांना कोणी उपदेश केला नव्हता. कामाची मांडणी बदलली होती.

५

'गाळा' हा शब्द गिरणगावात राहण्याच्या खोलीचा होता. वसईत रेल्वेच्या पूर्वेस नवघर, गोखिवरे, वालीव, सातिवली, पेल्हार या भागांत औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, आणि तेथे 'गाळा' म्हणजे कारखाना. प्लॅस्टिकच्या वस्तू, यंत्रांचे सुटे भाग, आवेष्टने, तयार कपडे असा नाना प्रकारचा माल या गाळ्यांतून निघतो. राहण्याच्या गाळ्यात एका गावची माणसे दाटीने परंतु एकत्र होती. कामाच्या गाळ्यात निरनिराळ्या प्रांतांची, पुष्कळदा कंत्राटदारामार्फत आलेली, थोडी माणसे यंत्रासमोर सुटी सुटी उभी असतात. एका शब्दाच्या या अर्थांतरात कामगारजीवनाचे स्थित्यंतर सामावले आहे.

कारखाना लहान झाला, परंतु कायद्याचा आकडा त्या मानाने लहान झाला नाही. कारखाना म्हणून गणले जाण्यास १८८१ मध्ये शंभर माणसे लागत, १८९१ मध्ये पन्नास, १९२२ मध्ये वीस आणि १९४८ मध्ये, यंत्रशक्ती असल्यास, दहा. सदुसष्ट वर्षे हा आकडा उतरत होता. व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली, आणि तिच्या व्याख्येत कारखान्याचा आकडा यंत्रशक्ती असल्यास वीस व नसल्यास चाळीस असा वर चढला आहे. त्याच संहितेने कल्याण-अधिकाऱ्याची मर्यादा मात्र पाचशेवरून अडीचशेवर आणली. मोठ्या कारखान्याला हा लाभ आहे. बारा माणसांच्या गाळ्याला अडीचशे आणि पाचशे हे आकडे सारखेच दूर आहेत.

वसई-विरारचा दुसरा कामगार गाळ्यात नाही, गाडीत आहे. चर्चगेटपासून विरार सुमारे ६० किलोमीटर दूर असून एका बाजूच्या प्रवासास साधारण दीड तास लागतो. कार्यालयातील वा दुकानातील आठ-नऊ तासांना हे तीन तास जोडले की १९११ च्या कायद्याने गिरणी कामगारासाठी ठरविलेला बारा तासांचा दिवस पुन्हा पुरा होतो. फरक इतकाच की यांतील तीन तास कोणत्याही हजेरीपटावर नाहीत. गर्दीत शिरता न आल्यास गाडी चुकते, गाडी चुकल्यास उशिराचा शेरा पडतो. शेरा नोकरीच्या ठिकाणी पडतो, त्याचे कारण फलाटावर राहते.

परंतु याच गाडीत कामगारांनी आपली व्यवस्था आपणच केली आहे. पश्चिम रेल्वेच्या गाड्यांतून ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या वेळी टाळ घेऊन बसणारी भजनी मंडळे प्रवाशांच्या परिचयाची आहेत. दसऱ्याला डबा सजविणे, हळदीकुंकू, परतीच्या वाटेवर भाजी निवडता निवडता एकमेकींच्या अडचणी ऐकणे, रोजचा सोबती दोन दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी विचारपूस करणे, हे सारे कोणत्याही मंडळाच्या वा कायद्याच्या साहाय्यावाचून चालते. हजेरीपटावर ज्याचा केवळ खाडा पडतो, त्याच्या खाड्याचे कारण डब्यात विचारले जाते. गिरणगावातील भजनी मंडळाचा वारसा चाळीतून निघून रुळांवर आला, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र या आधारालाही सीमा आहेत. तो समवयस्कांचा व समभाषकांचा आधार आहे. नव्याने आलेल्या परप्रांतीय गाळा-कामगाराला, किंवा ज्याचे दुखणे सोबत्यांच्या आवाक्यापलीकडचे आहे त्याला, तो सहसा पुरत नाही.

६

आवाक्यापलीकडच्या दुखण्यासाठी या प्रदेशाला दीर्घकाळ एकच नाव ठाऊक होते. १९०१ मध्ये ठाण्यास मनोरुग्णांचे इस्पितळ सुरू झाले. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. परिणामी 'ठाण्याला पाठविणे' या वाक्प्रचाराला जिल्ह्याच्या कचेरीशी संबंध नसलेला एक अर्थ चिकटला व तो हेटाळणीचा ठरला. ज्या भाषेत मनाच्या आजाराचा निर्देश थेट वेडेपणाकडे जातो, त्या भाषेत कामगार आपले दुखणे शरीराच्या नावाने सांगतो : डोके जड आहे, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही, जेवण जात नाही. हे शब्द खोटे नव्हेत. मनाच्या दुखण्याची समाजमान्य नावे ती हीच होत.

वैद्यकाने ही कोंडी फोडण्याचा आरंभ मुंबईत लवकर केला होता. १९३८ मध्ये डॉ. के. के. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला; इतर आजारांच्या रुग्णांबरोबर त्याच दारातून मनाच्या रुग्णालाही जाता येऊ लागले. कायदा मागून आला. १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेडेपणा होता. १९८७ मध्ये 'मानसिक आरोग्य' हे शब्द कायद्याच्या नावात आले. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मानसोपचार मिळणे हा व्यक्तीचा हक्क ठरविला व मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागविण्याचे, विम्यातही तो भेद न करण्याचे बंधन घातले. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. शब्दांच्या दृष्टीने पाहता कल्याणाकडून हक्काकडे झालेला हा प्रवास आहे. लोखंडे यांच्या निवेदनाचा सूर येथे पुन्हा ऐकू येतो.

कामगाराच्या दृष्टीने याहून निकटची गोष्ट राज्य कामगार विम्याची. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली ही योजना दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू असून २०१७ पासून तिची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये आहे. दीर्घ आजारासाठी वाढीव मुदतीचा लाभ देणाऱ्या ३४ आजारांच्या तिच्या यादीत तीव्र मानसिक आजारांचाही समावेश आहे. म्हणजे खाड्याचे कारण मनाचे असले तरी त्याचा भत्ता मिळण्याची वाट कागदावर मोकळी आहे. ती वाट चालण्यास दोन गोष्टी लागतात : गाळ्याच्या मालकाने कामगाराची नोंद केलेली असणे, आणि कामगाराने डॉक्टरपुढे मनाचे नाव घेणे.

जगातही हा विचार याच सुमारास पुढे आला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नैराश्य व चिंता यांमुळे दरवर्षी जगात सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात, असा तिचा अंदाज आहे. हा आकडा म्हणजे जगाच्या हजेरीपटावरील खाडेच होत. त्यांचे कारण आता प्रथमच शेजारच्या रकान्यात लिहिले जाऊ लागले आहे. व्यक्तीला सल्ला देण्यापुरते न थांबता कामाचा भार, वेळा व मांडणी बदलावी, आणि देखरेख करणाऱ्यांना कामगाराचे दुःख ओळखण्याचे शिक्षण द्यावे, असे ही तत्त्वे सांगतात. भारतात १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. फोनवर चेहरा दिसत नाही व 'ठाण्याला' जावे लागत नाही, हा तिचा लाभ लहान नव्हे.

७

या इतिहासातून दोन परंपरा स्पष्ट होतात. एक कारखान्याच्या आवारातील : ती कामगारांची डोकी मोजते, आणि आकडा पुरला तर आधार देते. दुसरी वस्तीतील : रात्रशाळा, कामगार कल्याण केंद्र, भजनाचा डबा, ती कोठे कामाला आहेस हे न विचारता आधार देते. मोठ्या गिरण्यांच्या काळात पहिली परंपरा पुष्कळांपर्यंत पोचू शकत होती. गाळ्यांच्या व गाड्यांच्या वसई-विरारमध्ये ती थोड्यांपर्यंतच पोचते. कामाचा भार, पाळीच्या वेळा, मुकादमी वागणूक या गोष्टी कामाच्या जागीच सुधारल्या पाहिजेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्यापाशी मन मोकळे करावे असा जाणता माणूस प्रत्येक गाळ्यात असणे शक्य नाही.

यावर उपाय कायद्याला अपरिचित आहे असेही नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समितीची सक्ती केली. परंतु जेथे दहाहून कमी माणसे आहेत तेथील स्त्रीला वाऱ्यावर सोडले नाही. तिच्यासाठी जिल्ह्याला स्थानिक समिती ठेवली. आकड्याच्या खाली राहिलेल्यास प्रदेशाने सामावून घ्यावे, हे तत्त्व तेथे मान्य झाले आहे. कामगार कल्याण निधीची वर्गणी पाच माणसांच्या दुकानापासून गोळा होते, म्हणजे तिचा आकडा कारखान्याच्या आकड्याहून लहान आहे. शिवणवर्ग व नाट्यस्पर्धा यांच्या शेजारी त्याच केंद्रात, संध्याकाळची गाडी आल्यानंतरच्या वेळी, मनाच्या दुखण्याविषयी बोलण्याची सोय करणे हे त्या केंद्रांच्या मूळ हेतूला धरूनच होईल.

१८८४ च्या निवेदनात कामगारांनी सूर्यास्तानंतरचा वेळ मागितला होता. वसई-विरारला परतणाऱ्या कामगाराचा सूर्य बहुधा गाडीतच मावळतो. त्याच्या उरलेल्या संध्याकाळी त्याच्या खाड्याचे कारण विचारणारे कोणी तरी त्याच्या वस्तीत असावे, ही अपेक्षा नवी नव्हे. त्या जुन्या मागणीचाच तो राहिलेला भाग होय.